ऑफलाइन चालवलेल्या टेस्टचे निकाल सर्व्हरवर कमी-जास्त दिसतात: लक्षणावरून कारण कसं शोधायचं

लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच्या २१२ टेस्ट चालल्या, स्क्रीनवर “सिंक पूर्ण”, म्हणजे सगळे निकाल सर्व्हरवर चढले, असं आलं, आणि ऑफिसात येऊन सर्व्हर उघडला तर तिथं १८७. परत सिंक दाबलं की कधी १८७च राहतात, कधी ३९९ होतात. हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नव्यानं विचारतं आणि त्याला हमखास उत्तर मिळतं, “नेट गंडलं असेल.” नेट गंडतंच. ते गंडणार हे धरूनच तर ऑफलाइनची सोय केली होती, त्यामुळं हे उत्तर मी कारण म्हणून मोजत नाही.

आमचं काम सांगलीत, दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचं. वजनकाटा आणि दुधातलं फॅट व एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) काढणारं मशीन सीरियल केबलनं कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. आकडे आपोआप येतात, दर लागतो, पावती निघते. निम्म्या टेस्ट ऑफिसात नकली मशीनवर चालतात. उरलेल्यांना खरं मशीनच लागतं, कारण प्रत्येक मशीन आकडे आपल्याच थाटात पाठवतं आणि जुनी मशीनं तर अर्धी ओळ टाकून गप्प बसतात. म्हणून लॅपटॉप घेऊन कधी पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात, कधी शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडं, कधी जतच्या टोकाला जावं लागतं. सकाळचं संकलन आटोपल्यावर दुपारचे काही तास मशीन मोकळं असतं. “साहेब, चारच्या आत आवरा, मग डेअरीत गर्दी होतीय,” असं तिथला सेक्रेटरी आधीच बजावतो. तेवढ्या वेळात टेस्ट चालवायच्या, निकाल लॅपटॉपवर ठेवायचे आणि रेंज आली की सर्व्हरवर चढवायचे.

टेस्ट पायथनमध्ये, पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या हत्यारावर. लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस. सर्व्हरवर पुढं विनंत्या घेणारा एन्जिनएक्स आणि मागं पोस्टग्रेस डेटाबेस. तुमची हत्यारं वेगळी असली तरी खालची बरीच कारणं तुमच्याकडंही सापडतील.

काहीही दाबायच्या आधी

आधी लॅपटॉपवरच्या डेटाबेसची प्रत काढा. इथं एक खाच आहे. एसक्यूलाइट वॉल (राइट-अहेड लॉग) पद्धतीत चालत असेल (२०१० पासून ही सोय आहे आणि अशा कामाला तीच बरी) तर नव्या नोंदी आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये जातात. मूळ फाइलमध्ये त्या मागाहून उतरतात. काही बदललं नसेल तर वॉल फाइल साधारण हजार पानांची झाल्यावर. प्रोग्रॅम चालू असताना नुसती मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतली तर नेमके आजचे निकाल मागं राहतात, आणि वर “डेटाबेसची प्रत तपासली, त्यातही नाहीत” असा निष्कर्ष निघतो. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरा, किंवा “व्हॅक्युम इंटू” करून नवी फाइल काढा. दोन्ही जमत नसेल तर प्रोग्रॅम नीट बंद करून पूर्ण फोल्डर उचला.

मग तीन आकडे कागदावर लिहा. पायटेस्टनं सुरुवातीला गोळा केलेल्या टेस्ट किती, लॅपटॉपच्या डेटाबेसमध्ये त्या रनच्या (त्या खेपेला चालवलेल्या) वेगवेगळ्या टेस्ट किती, आणि सर्व्हरवर त्याच रनच्या नोंदी किती. पहिल्या दोन आकड्यांत फरक असेल तर सिंकचा काही संबंधच नाही. निकाल लिहितानाच गळलेत. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक असेल तरच सिंककडं बघायचं. हे आकडे न काढता माणसं राउटर बदलतात, सिम बदलतात, आणि आठवड्यानं परत तोच प्रश्न विचारतात.

लॅपटॉपवरच कमी आहेत

सगळ्यात फसवं कारण हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायटेस्ट एका टेस्टचा अहवाल साधारण तीनदा देतं: सेटअपचा (तयारी), प्रत्यक्ष कॉलचा (खरी टेस्ट) आणि टिअरडाउनचा (आवराआवर). निकाल डेटाबेसमध्ये लिहिणारा हुक (अहवाल आला की आपोआप चालणारा कोड) कुणी पहिल्यांदा लिहिला की एकेका टेस्टच्या तीन-तीन ओळी पडतात. मग तो वैतागून “फक्त कॉलचाच अहवाल घ्यायचा” अशी अट टाकतो. आकडा जुळतो, सगळे खूश. ऑफिसात नकली मशीन कायम जोडलेलं असतं, त्यामुळं सेटअप कधी पडतच नाही.

डेअरीत मात्र केबल सैल असते. सीरियल पोर्ट उघडण्याचं काम फिक्श्चरमध्ये, म्हणजे सेटअपच्या टप्प्यात होतं. ते पडलं की पायटेस्ट कॉलकडं जातच नाही, थेट टिअरडाउन करतं. कॉलचा अहवाल नाही, म्हणून ओळ नाही. ज्या २५ टेस्ट लालभडक दिसायला हव्या होत्या त्या दिसतच नाहीत, आणि उरलेल्या १८७ हिरव्यागार. पास झालेल्यांची टक्केवारी १००. मशीन जोडलेलंच नव्हतं हे सांगणारा एकमेव पुरावा आपणच गाळलेला असतो.

अट अशी हवी: कॉलचा अहवाल घ्यायचाच, सेटअप पास झाला नसेल तर तोही घ्यायचा, मग ती टेस्ट नापास असो वा वगळलेली, टिअरडाउन पडला असेल तर तोही. एका टेस्टचे दोन अहवाल आले तर वाईटातला वाईट निकाल धरायचा. त्याही पुढं जाऊन, टेस्ट गोळा झाल्या झाल्या सगळ्यांची नावं “बाकी” अशा शेऱ्यानं डेटाबेसमध्ये लिहून टाका आणि निकाल येईल तसा शेरा बदला. मग मधेच काहीही झालं तरी गळलेली टेस्ट “बाकी” म्हणून समोर उभी राहते. बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच.

सेटअप पडण्याचं नेहमीचं कारणही सांगून ठेवतो. यूएसबी-सीरियल अडॅप्टर काढून घातला की लिनक्सवर पोर्टचा शेवटचा आकडा शून्याचा एक होतो, विंडोजवर कॉम पोर्टचा नंबर बदलतो. लिनक्सवर “सीरियल” फोल्डरमधला “बाय-आयडी” मार्ग वापरला तर नाव स्थिर राहतं. स्वस्तातल्या बऱ्याच अडॅप्टरना स्वतःचा सीरियल नंबरच नसतो. एकाच जातीचे दोन लावले, एक काट्याला आणि एक फॅटच्या मशीनला, तर “बाय-आयडी”ला दोन्ही सारखेच. तिथं “बाय-पाथ” घ्यायचा आणि कुठली केबल कुठल्या भोकात ते स्टिकर लावून ठरवायचं.

दुसरं कारण वीज. पायटेस्टची जेयुनिट एक्सएमएल ही निकालांची फाइल सगळ्या टेस्ट संपल्यावर एकदम लिहिली जाते. लॅपटॉपची बॅटरी दमलेली, डेअरीतली लाइट गेली, आणि दोनशेव्या टेस्टला लॅपटॉप बंद पडला तर हातात अर्धी फाइलसुद्धा येत नाही. म्हणून एकेक निकाल तिथल्या तिथं डेटाबेसमध्ये लिहायचा. वॉल पद्धतीत “सिंक्रोनस” हे सेटिंग “नॉर्मल”वर असेल तर वीज गेल्यावर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. ते “फुल” करा. प्रत्येक नोंदीला डिस्कवर थोडा जास्त वेळ लागेल, पण जिथं एकेक टेस्ट काट्याच्या उत्तराची वाट बघत बसते तिथं तो वेळ जाणवत नाही.

सर्व्हरवर कमी आहेत

आता खरा सिंकचा भाग. डेअरीत दूध घातल्यावर हातात पावती पडेपर्यंत कुणी काट्यापासून हलत नाही. सिंक प्रोग्रॅम मात्र “पाठवलं” एवढ्यावरच घरी जातो. बहुतेक प्रोग्रॅममध्ये एवढंच लिहिलेलं असतं: उत्तराचा कोड २०० (“ठीक आहे”) आला की एकदम पाठवलेल्या त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या नोंदींवर “सिंक झालं” अशी खूण कर.

२०० कुणाकडूनही येतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या लॉजवर वायफायला जोडलं की आधी मोबाइल नंबर मागणारं पान येतं. ब्राउझरमध्ये ते दिसतं. मागं गुपचूप चालणाऱ्या सिंक प्रोग्रॅमला दिसत नाही. त्याची पोस्ट (माहिती पाठवणारी) विनंती ३०२नं (“दुसऱ्या पत्त्यावर जा”) त्या पानाकडं वळवली जाते, पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वळणाबरोबर जाते आणि पोस्टचं गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करून ते पान आणते. कोड २००. प्रोग्रॅम खूश, लॅपटॉपवर सगळं “सिंक झालं”, सर्व्हरला पत्ताच नाही.

एचटीटीपीएस असताना हे कसं होईल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर बरोबर आहे. सर्टिफिकेट तपासलं तर इथं चूक दिसायला हवी. पण तपासणी बंद केलेली असते. कशामुळं? लॅपटॉपच्या घड्याळाचा सेल संपलेला, तारीख काही वर्षं मागं गेलेली, म्हणून एकदा “सर्टिफिकेट अजून वैध नाही” अशी चूक आलेली, आणि कुणीतरी तपासणीच बंद करून ती घालवलेली. तुमच्या कोडमध्ये “व्हेरिफाय” कुठं “फॉल्स” केलंय का, हे आधी शोधा. सापडलं तर ते काढा आणि घड्याळ दुरुस्त करा.

यावरचा पक्का उपाय म्हणजे पोच. सर्व्हरनं उत्तरात स्वतःकडं जमा झालेल्या नोंदींच्या आयडींची यादी परत पाठवायची, तीही डेटाबेसमध्ये कमिट (नोंद पक्की) झाल्यावरच. लॅपटॉपनं फक्त त्या यादीतल्या नोंदींवर “पोच आली” अशी खूण करायची. उत्तर जेसन या ठरलेल्या रचनेत नसेल, यादी नसेल, किंवा उत्तर दुसऱ्याच पत्त्यावरून आलं असेल तर काहीच पोचलं नाही असं धरायचं. वळणं पाळणं या विनंतीपुरतं बंदच ठेवा.

दुसरं नेहमीचं कारण ४१३, म्हणजे “विनंती फार मोठी” असं सर्व्हरचं उत्तर. एन्जिनएक्समध्ये विनंतीच्या आकाराची मर्यादा कुणी बदलली नसेल तर १ एमबी असते. एका दुपारचे निकाल त्यात आरामात बसतात. सलग काही दिवस खोऱ्यात काढले, नापास टेस्टबरोबर सीरियल पोर्टवरची सगळी बाइट साठवली, स्क्रीनशॉट जोडले, की गठ्ठा मर्यादेबाहेर जातो. प्रोग्रॅम ४१३ला नेटची अडचण समजून तोच गठ्ठा पुन्हा पाठवतो. दरम्यान नवे निकाल त्याच गठ्ठ्यात भरत जातात, म्हणजे जितका उशीर तितकं अवघड. “एक दिवसाचं जातं, तीन दिवसांचं जात नाही” अशी तक्रार असेल तर दुसरं काही बघू नका. मर्यादा वाढवून आजची वेळ निभते. खरं तर गठ्ठे लहान करायला हवेत: ओळींच्या संख्येवर आणि आकारावर, दोन्हींवर मर्यादा, ४१३ आला तर गठ्ठा अर्धा करायचा. स्क्रीनशॉट आणि कच्चे लॉग वेगळ्या रांगेनं, निकाल आधी.

नापास उत्तरांचे प्रकार वेगळे धरा. ५०३ (सर्व्हर आत्ता उपलब्ध नाही) किंवा ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला तर थांबून पुन्हा प्रयत्न. सर्व्हरनं किती वेळानं या ते सांगितलं असेल तर तेवढं थांबायचं, नाहीतर दर वेळी दुप्पट वेळ आणि त्यात थोडा इकडंतिकडं फरक, म्हणजे संध्याकाळी सगळे लॅपटॉप एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. ४०१ म्हणजे इथं टोकनची (लॉगिनच्या पासाची) मुदत संपली. अनेक दिवस ऑफलाइन राहिल्यावर ती संपणारच. तिथं रांग जशीच्या तशी ठेवून लॉगिन मागायचं. ४०१ आल्यावर रांग रिकामी करणारा कोड मी पाहिलेला आहे, आणि लिहिणाऱ्याचं म्हणणं होतं की परवानगी नसलेला डेटा ठेवायचा कशाला. ४२२सारखं, म्हणजे मजकूरच चुकीचा असल्याचं, उत्तर एखाद्या नोंदीला आलं तर ती बाजूला काढा, बाकीच्यांना पुढं जाऊ द्या. एक वाकडी नोंद रांगेच्या तोंडाशी बसली की मागचं सगळं अडतं.

तिसरं कारण: नोंदीचा आयडी म्हणून एसक्यूलाइटचा चढता क्रमांक. दोन लॅपटॉपवर ४१ नंबरचा रन असणारच. सर्व्हरवर “ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग” (आयडी आधीच असेल तर काही करू नको) लिहिलेलं असेल तर दुसरा ४१ नंबर आवाज न करता टाकून दिला जातो. क्रमांकाला लॅपटॉपचं नाव जोडलं तरी सुटका नाही, कारण नवा लॅपटॉप बहुधा जुन्याच्या डिस्कची प्रत काढून तयार केलेला असतो आणि नावही तेच घेऊन येतो. उपाय पुढच्या भागात आहे.

आणि एक दुर्मीळ, पण डोकं खाणारं. मोबाइल हॉटस्पॉट आणि त्यावर व्हीपीएन. लॉगिन होतं, पिंग जातं, छोटा गठ्ठा जातो. मोठा मात्र मधेच अडकून टाइमआउट होतो. ऑफिसच्या लाइनवर तोच गठ्ठा क्षणात जातो. हे पॅकेटच्या आकाराचं दुखणं आहे. वायरगार्ड या व्हीपीएनचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) सहसा १४२० असतो. तो १२८० करून बघा. चाललं तर निदान झालं.

सर्व्हरवर जास्त आहेत

पाटणहून सांगलीला परतताना लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेलाच असतो. कराडपर्यंत रेंज येते-जाते, पेठ नाक्याला वळलं की जरा बरी मिळते, आणि दरम्यान सिंक आपोआप सुरू झालेलं असतं. गठ्ठा सर्व्हरवर पोचतो, सर्व्हर लिहितो, कमिट करतो, उत्तर पाठवतो, आणि ते उत्तर वाटेत हरवतं. लॅपटॉपच्या दृष्टीनं टाइमआउट. तो पुन्हा पाठवतो. टाइमआउटचा अर्थ “पोचलं नाही” असा नसतो, “पोचलं का ते माहीत नाही” असा असतो, त्यामुळं पुन्हा पाठवणं बरोबरच आहे. चूक असते ती आयडी कधी तयार होतो त्यात. पाठवताना आयडी बनवत असाल तर दर प्रयत्नाला नवा आयडी, आणि सर्व्हरला दोन्ही नोंदी वेगळ्या. आधी पोचलेल्या १८७ आणि पुन्हा पाठवलेल्या २१२ मिळून ३९९ होतात ते असे.

आयडी टेस्ट चालतानाच बनवा आणि निकालाबरोबर एसक्यूलाइटमध्ये लिहा. पुन्हा कितीही वेळा पाठवा, तोच जाईल. यूयूआयडी (कुठल्याही लॅपटॉपवर बनवला तरी दुसऱ्याशी न जुळणारा लांब आयडी) वापरा, क्रमांक नको. सातव्या आवृत्तीचा यूयूआयडी वेळेच्या क्रमानं लागतो, मे २०२४ मधल्या आरएफसी ९५६२ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात तो प्रमाण झाला, आणि पायथन ३.१४ पासून तो पायथनच्या मूळ लायब्ररीतच मिळतो. त्याआधीचं पायथन असेल तर चौथी आवृत्ती चालते. शिवाय रनचा आयडी, टेस्टचं नाव आणि कितवा प्रयत्न या तिन्हींवर सर्व्हरवर युनिक बंधन टाका. प्रयत्नाचा आकडा विसरू नका. नापास टेस्ट आपोआप पुन्हा चालवत असाल तर पहिला नापास निकाल आणि दुसरा पास निकाल दोन्ही हवे असतात.

एक्सडिस्टवर (पायटेस्टची जोडणी) टेस्ट समांतर चालवणाऱ्यांसाठी: अहवालाचा हुक कामगार प्रोसेसमध्येही चालतो आणि मुख्य प्रोसेसमध्येही. दोन्हीकडून लिहिलं तर सगळं दुप्पट. मुख्य प्रोसेसमधूनच लिहा.

आता एक खास आपला प्रकार. टेस्टच्या पॅरामीटरला (त्याच टेस्टला आलटून पालटून दिलेल्या माहितीला) आम्ही मराठी नावं देतो: “दुसऱ्या पाळीचं दूध”, “शेतकऱ्याचं खातं बंद”. यातला ऱ्या तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, युनिकोडमधला ०९३१ हा ऱ थेट. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, कीबोर्डनुसार वेगवेगळे निघतात, आणि सर्व्हरच्या लेखी त्या तीन वेगळ्या टेस्ट ठरतात. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडचं अक्षरं एकसारखी करण्याचं रूप) केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी र-हलन्त-जोडक दिसलं की ऱ-हलन्त करायचं, असा वेगळा नियम लिहावा लागतो. फंक्शनच्या नावात मात्र हा घोळ नाही, कारण पायथन ओळखनावं स्वतःच एकसारखी करून घेतं आणि जोडक तर तिथं चालवूनच घेत नाही. घोळ पॅरामीटरमध्ये आणि सीएसव्हीतून आलेल्या मजकुरात.

त्यातच पायटेस्ट पॅरामीटरमधली बिगर-इंग्रजी अक्षरं मुळात दाखवत नाही, त्यांचे कोड दाखवतं. ते बंद करायचं सेटिंग आहे, आणि त्याचं नावच असं ठेवलंय की वापरणाऱ्यानं दोनदा विचार करावा: “डिसेबल टेस्ट आयडी एस्केपिंग अँड फॉरफिट ऑल राइट्स टू कम्युनिटी सपोर्ट”. मदतीचे सगळे हक्क सोडल्याची कबुली सेटिंगच्या नावातच घेतलेली मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. आम्ही ते वापरतो. पण एका लॅपटॉपवर ते आहे आणि दुसऱ्यावर नाही असं झालं, तर त्याच टेस्ट सर्व्हरवर दोन नावांनी जमा होतात. सेटिंगची फाइल गिटमध्ये (कोडच्या सामाईक साठ्यात) ठेवा, लॅपटॉपवर हातानं बदलू देऊ नका.

मराठी नावावरून स्क्रीनशॉटच्या फाइलचं नाव करत असाल तर अजून एक. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८मध्ये तीन बाइट खातो. म्हणजे ८५ वर्ण, आणि यात काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजायचे. नुसता क्ष तीन वर्णांचा. विंडोजवर मर्यादा वेगळ्या पद्धतीनं मोजतात म्हणून तिथं तेच नाव चालतं. “माझ्याकडं चालतंय, उबंटूवर पडतंय” याचं कारण हे असू शकतं. फाइलला यूयूआयडीचं नाव द्या, मराठी नाव डेटाबेसमध्ये राहू द्या.

आकडे जुळतात, तारखा चुकीच्या

घड्याळाच्या सेलचं वर आलंच. ऑफिसात नेट असल्यानं घड्याळ आपोआप जुळतं, म्हणून सेल संपलेला कळत नाही. खोऱ्यात गेल्यावर कळतं. तारीख काही वर्षं मागं गेली असेल तर गोल सेल बदला, बहुधा सीआर२०३२ असतो. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेलला हात लावू नका. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहेत. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, उबंटू यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ). दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवा.

घड्याळ बरोबर असूनही तारीख एक दिवस मागं दिसते, तीही फक्त पहाटेच्या निकालांची. काही टेस्ट सकाळचं संकलन चालू असतानाच घ्याव्या लागतात. पहाटे ५:१० म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे २३:४०. साठवताना यूटीसीच ठेवा, पण “दिवस” ठरवताना आशिया/कोलकाता लावा. जेयुनिट एक्सएमएलच्या रूढ रचनेत वेळेबरोबर टाइमझोन लिहायची सोय नाही, त्यामुळं त्या फाइलमधून वेळ उचलत असाल तर ती कुठली वेळ हे तुम्हीच ठरवून ठेवायला हवं.

चुकीच्या घड्याळाखाली आधीच जमा झालेले निकाल दुरुस्त करता येतात, पण त्याची तजवीज आधी केली असेल तरच. प्रत्येक निकालाबरोबर लिनक्सचा बूट आयडी (दर वेळी चालू करताना नवा) आणि “बूटटाइम” घड्याळाचा (चालू केल्यापासूनचा वेळ, झोप धरून) आकडा लिहा. सिंकच्या वेळी लॅपटॉपनं आपला त्या क्षणीचा बूटटाइम पाठवायचा, सर्व्हर स्वतःच्या वेळेशी ताडतो, आणि लॅपटॉप मधे बंद झाला नसेल तर प्रत्येक निकालाची खरी वेळ निघते. “मोनोटॉनिक” घड्याळ इथं चालत नाही. लिनक्सवर लॅपटॉप झोपलेला असताना ते थांबतं, आणि पाटण ते सांगली लॅपटॉप झाकण मिटून बॅगेतच असतो.

तिथं गेल्यावर टेस्टच चालत नाहीत

थोडक्यात. पॅकेज आधी उतरवून फोल्डरमध्ये ठेवा आणि पिपला (पायथनची पॅकेज बसवणारं हत्यार) नेटवरच्या इंडेक्सकडं जाऊ न देता तिथूनच घ्यायला सांगा. उतरवताना पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम तीच हवी. विंडोजवर टाइमझोनची माहिती पायथनला सिस्टीमकडून मिळत नाही, “टीझेडडेटा” पॅकेज वेगळं लागतं. ते नसलं की आशिया/कोलकाता सापडत नाही अशी चूक येते. एखादी टेस्ट गुपचूप नेटवर जाते का हे निघायच्या आधीच “पायटेस्ट-सॉकेट” (टेस्टला नेटवर जाऊ न देणारी जोडणी) लावून बघा, किंवा डॉकरमध्ये नेटवर्क “नन” देऊन चालवा. वायफाय बंद करून बघणं तेवढं खात्रीचं नाही. शेजारी केबल लागलेली असते.

सिंकचीही टेस्ट लिहा. सर्व्हरनं कमिट केलं आणि उत्तर पाठवलंच नाही, अशी परिस्थिती मुद्दाम तयार करायची. टॉक्सीप्रॉक्सीसारखं हत्यार मधे ठेवून उत्तर अडवता येतं, नाहीतर सर्व्हरच्या चाचणी प्रतीत कमिटनंतर कनेक्शन तोडणारी एक ओळ पुरते. त्यानंतर पुन्हा सिंक करून सर्व्हरवरचा आकडा २१२च राहतो का ते बघायचं. मग २००सोबत एचटीएमएल पान परत देऊन बघायचं; लॅपटॉपवर एकाही नोंदीवर पोचेची खूण पडता कामा नये.

आधीच साचलेल्या दुहेरी नोंदी

नवीन पद्धत सुरू केल्यावर जुना कचरा राहतोच. पाठवताना बनवलेल्या आयडींवरून काही जुळत नाही, कारण तेच वेगळे आहेत. लॅपटॉप, टेस्टचं एकसारखं केलेलं नाव, गिटचा कमिट (कोडची नेमकी आवृत्ती) आणि सुरुवातीची वेळ मिलिसेकंदापर्यंत, हे चारही सारखे असतील तर ती एकच नोंद. त्यातली सर्व्हरवर आधी आलेली ठेवा, दुसरीवर “दुबार” असा शेरा मारून अहवालातून वगळा, पुसू नका. जुन्या नोंदीत कमिटच लिहिलेला नसेल किंवा वेळ फक्त सेकंदापर्यंत असेल तर दोन खरे निकालही सारखे दिसू शकतात, खासकरून काट्याच्या शून्य वजनाच्या झटपट टेस्टमध्ये. असल्या जोड्या “संशयित” म्हणून वेगळ्या ठेवा आणि ज्याच्या लॅपटॉपवरून आल्या त्याच्याकडं मूळ एसक्यूलाइट फाइल अजून आहे का ते विचारा. फाइल असली तर मागताना वॉल फाइलही मागा.